खायचा नसेल तर गळ टाकू नका

ताई,

मी मूळचा मालवण तालुक्यातला, नोकरीसाठी पुण्यात स्थायिक झालोय. लहानपणी बाबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. पुण्यात तसेच चार मित्र मिळाले. चांगला रॉड घेतला, रीळ घेतलं. आता सुट्टीच्या दिवशी आम्ही पवना, मुळशी, कधी उजनीकडे जातो. आमच्या ग्रुपचा एकच नियम आहे: मासा पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. आपण एकही मासा मारत नाही, याचा आम्हाला अभिमान होता.

मागच्या महिन्यात दहा वर्षांच्या मुलीला बरोबर नेलं. मोठा कटला लागला. सगळ्यांचे फोटो होईपर्यंत वेळ गेला. सोडला, तर तो उलटा होऊन तरंगायला लागला. मुलगी म्हणाली, "मरणारच होता तर आपण त्याला घरी का नाही नेलं?" आणि गाडीत बसल्यावर, "बाबा, त्याला किती दुखलं असेल?" मला काही बोलता आलं नाही.

माझा मेहुणा शाकाहारी आहे. तो म्हणतो, ही सरळसरळ क्रूरता आहे, तुमच्यात आणि बंदूक घेऊन फिरणाऱ्या शिकाऱ्यात काही फरक नाही. ग्रुपमधले म्हणतात, माशाला वेदना नसतातच. गावी बाबांना फोनवर सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "खावचो नाय, तर धरतंस कित्याक?" त्यात ग्रुपने उत्तराखंडात रामगंगेवर महाशीर पकडायला जायचं ठरवलंय. मीही पैसे भरून बसलोय. माझा छंद खरंच क्रूर आहे का? मुलीला काय सांगू? आणि रामगंगेला जाऊ की नको?

— एक वाचक, पुणे

नमस्कार,

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. खाण्यासाठी गळ टाकणं आणि लागलेला मासा तिथल्या तिथे मारणं, याला मी क्रूरता म्हणणार नाही. पण खायचा नाही, विकायचा नाही, नुसती झुंज, वजन आणि फोटो यांसाठी जिवंत प्राण्याच्या तोंडात गळ रुतवायचा आणि मग त्याला सोडून द्यायचं, ही क्रूरता आहे असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे तुमच्या ग्रुपला ज्या नियमाचा अभिमान वाटतो, नेमका तोच मला पटत नाही. हे वाचून तुम्हाला लागेल, याची कल्पना आहे. पण मुलीच्या प्रश्नावर गप्प बसून राहिलेल्या आणि त्या गप्प बसण्याने अस्वस्थ झालेल्या माणसाला मी गोड बोलून परत पाठवू शकत नाही.

मी मासे खाते, हेही इथेच सांगून टाकते. तेव्हा मी जे सांगणार आहे ते तुमच्या मेहुण्यांच्या जागेवरून नाही. बाजारातून बांगडा आणणाऱ्या बाईला गळ टाकणाऱ्याला नावं ठेवायचा हक्क किती, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे, आणि खालचं सगळं त्या प्रश्नाला धरूनच आहे.

आधी ग्रुपमधल्या मित्रांचं म्हणणं घेऊ, कारण ते खरं असेल तर बाकी काही बोलायलाच नको. माशाला वेदना होत नाहीत, हे म्हणणं अडाणी माणसांचंच आहे असं नाही. जेम्स रोझ या अमेरिकन अभ्यासकाने २००२ साली ते सविस्तर मांडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो वरचा थर लागतो, तो माशाला नाहीच, गळ लागल्यावर तो झटके देतो ती शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, त्यामागे दुखण्याचा अनुभव नाही. काही शास्त्रज्ञ आजही याच मताचे आहेत.

पण पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, एडिंबरोत लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशावर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांना माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती ५८ संवेदनबिंदू सापडले. त्यांतले २२ असे होते, की ते दाब आणि चटका या दोन्ही इजांना प्रतिसाद देत होते, आणि त्यांतले १८ तर आम्लालाही. आपल्या कातडीत वेदनेची वर्दी देणारे जे तंतू असतात, तसलेच हे. नंतर त्यांनी काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष टोचलं, काहींच्या ओठांत व्हिनेगरमधलं आम्ल, आणि काहींच्या ओठांत नुसतं मिठाचं पाणी. विष आणि आम्ल टोचलेल्या माशांचा श्वास खूप वाढला. ते तळाशी बसून अंग डावी-उजवीकडे डोलवू लागले. आम्लवाले मासे तर तळाच्या खडीवर आणि टाकीच्या भिंतीवर ओठ घासू लागले. साधारण तीन तास त्यांनी खाण्याला तोंड लावलं नाही. मिठाचं पाणी टोचलेले मासे त्याच्या निम्म्याहून कमी वेळात खायला आले.

यातला एक प्रयोग तुमच्या मुलीलाही समजेल. ट्राउट नवीन वस्तूला बिचकतो. टाकीत लेगोच्या ठोकळ्यांचा मनोरा उतरवला की तो लांब पळतो. पण ओठात आम्ल टोचलेले मासे त्या मनोऱ्याजवळून जाऊ लागले, जणू त्यांना तो दिसतच नव्हता. मग त्यांना मॉर्फिन दिलं, आणि ते पुन्हा मनोऱ्याला बिचकायला लागले. वेदनाशामक दिल्यावर माशाचं भान जागेवर येत असेल, तर आधी ते कशाने गेलं होतं? नुसत्या स्नायूंच्या झटक्याने हे घडत नाही. पुढे झेब्रा माशांवरच्या प्रयोगात असंही दिसलं, की एरवी झाडं-दगड असलेल्या सजवलेल्या भागात राहणं पसंत करणारे मासे आम्ल टोचल्यावर ओक्याबोक्या भागात गेले, कारण तिथल्या पाण्यात वेदनाशामक विरघळवलेलं होतं. म्हणजे आराम मिळावा म्हणून त्यांनी आवडती जागा सोडली.

माशाचं दुखणं आणि आपलं दुखणं एकच, असं मी म्हणत नाही. आईचं बाळंतपणाचं दुखणं आणि कटल्याच्या ओठात रुतलेला गळ यांना एका तराजूत घालायचं कारण नाही. पण 'काहीच होत नाही' असं म्हणायला जेवढी खात्री लागते, तेवढी आज कुणाजवळ नाही. आणि ज्याची सुट्टी मजेत जाणार आहे त्यानेच 'त्याला काही होत नाही' असं ठरवून टाकावं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

गळाची जखम तर नुसती सुरुवात असते. रॉड-रिळाने खेळवून मासा दमवला जातो. दमलेल्या स्नायूंत आम्ल साठतं, श्वासाची गरज कितीतरी वाढते, आणि नेमक्या त्या वेळी आपण त्याला हवेत उचलतो. पाण्यात पिसाऱ्यासारखे फुललेले कल्ल्यांचे पातळ पदर हवेत येताच एकमेकांना चिकटतात, आणि श्वास जवळजवळ थांबतो. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी मी नेहमी सांगते. ट्राउट माशांना गळाला लागल्यासारखं दमवलं. ज्यांना हवेत काढलंच नाही, त्यांतले ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. ज्यांना ३० सेकंद हवेत ठेवलं, त्यांतले ६२ टक्के. आणि एक मिनिट ठेवलं, त्यांतले फक्त २८ टक्के. ट्राउट हा थंड पाण्यातला नाजूक मासा आहे, तोच आकडा आपल्या कटल्याला, रोहूला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण घडतं ते हेच. शिवाय उन्हाळ्यात आपल्या धरणांचं पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि सोडलेल्या माशाला सावरायला तोच हवा असतो. तुमच्या पत्रात 'सगळ्यांचे फोटो होईपर्यंत वेळ गेला' असं वाक्य आहे. किती वेळ, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुलीसमोर तरंगला तो एक दिसला. पोहत निघून गेलेल्यांचं पुढे काय झालं, हे तुमच्या ग्रुपला कधीच कळलेलं नाही, आणि 'आम्ही एकही मासा मारत नाही' हा अभिमान त्या न दिसण्यावर उभा आहे.

वर उचललेल्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आपल्या कोरड्या हातांनी, टॉवेलने, खडकाने निघतो. तो थर म्हणजे त्याचं रोगांपासूनचं संरक्षण. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवला, की पाण्यात कधीच न पेललेलं स्वतःचं सगळं वजन त्याच्या जबड्यावर आणि मणक्यावर येतं. फोटोत नेमकं हेच छान दिसतं.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मीच मांडते, कारण तो मित्रांनी मांडलेला दिसत नाही. सोडून देणाऱ्या गळवाल्यांनी माशांचं भलंही केलंय. कावेरीवर गलिबोरे इथे पूर्वी महाशीर पकडून सोडण्याचा कँप चालायचा. तिथे लागलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जायची. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या नंतर अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा कळलं की कावेरीचा मूळचा, पाठीवर मदार म्हणजे उंचवटा असलेला महाशीर, जो जगात फक्त याच नदीच्या खोऱ्यात आहे, तो झपाट्याने नाहीसा होत चाललाय आणि त्याच्या जागी दुसराच महाशीर वाढतोय. तो दुसरा आपल्याकडचा. दख्खनी महाशीर, ज्याचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं होतं. लोणावळ्याच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली आणि चांगल्या हेतूने कावेरीतही सोडली गेली. मदारवाल्या महाशीराचं शास्त्रीय नाव पक्कं व्हायला २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अति संकटग्रस्त ठरला. गळवाल्यांच्या वह्या नसत्या, तर हे कळायला किती उशीर झाला असता, सांगता येत नाही. शिवाय जिथे कँप असायचे, तिथे सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर वचक असायचा. हे सगळं मी मनापासून मान्य करते.

पण हा युक्तिवाद तुमच्या ग्रुपला लागू होतो का? पवनेवर तुम्ही कुठली नोंद ठेवता? कुणाला देता? ज्याला संशोधनासाठी मासे धरायचे आहेत त्याच्याकडे परवाना असतो, पद्धत असते, आणि त्याला झुंजीचा आनंद लागत नाही. चांगल्या कामातून निघालेलं समर्थन आपल्या करमणुकीला चिकटवलं, की ते सैल पडतं.

इंग्लंडमध्ये बेन्सन नावाचा एक कार्प प्रसिद्ध होता. पीटरबरोजवळच्या एका तळ्यात राहायचा, वजन सुमारे २९ किलो. २००९ मध्ये तो मेला, तोवर त्याला साठहून जास्त वेळा गळाने वर काढून, कुशीत घेऊन, फोटो काढून परत सोडलं होतं. सोडून देण्याच्या बाजूचे लोक म्हणतात, बघा, एवढ्या वेळा पकडला तरी किती जगला! मला त्यातून वेगळंच दिसतं. साठ वेळा त्या प्राण्याला जिवाच्या भीतीने झुंजायला लावलं, आणि एकदाही कुणाला त्याची भूक नव्हती. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणी-कल्याण कायद्याने नेहमीच्या मासेमारीला सरळ वगळलंय, त्यामुळे तिथे हे चालतं.

जर्मनीने उलटी वाट धरली. तिथला कायदा सांगतो, की सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येणार नाहीत. अन्न हे सबळ कारण धरलं जातं, करमणूक धरली जात नाही. त्यामुळे तिथे गळ टाकायचा परवाना हवा असेल तर परीक्षा द्यावी लागते, त्यात मासा नीट मारायचा कसा हेही शिकावं लागतं, आणि सोडून देण्याच्या इराद्याने मासा पकडणं बेकायदा मानलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तसाच नियम आहे. लहान किंवा बंदी असलेला मासा चुकून लागला तर सोडावाच लागतो, पण सोडायचंच ठरवून गळ टाकणं चालत नाही. तुमचे बाबा मालवणीत एका वाक्यात जे बोलले, तेच या दोन देशांनी कायद्यात लिहिलंय.

आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, म्हणजे मासाही त्यात आला. अन्नासाठी मारणं हा अपराध नाही, पण तेही विनाकारण यातना न देता, असं त्याच कायद्यात आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, तेव्हा गळ टाकल्याबद्दल तुम्हाला कुणी पकडून नेणार नाही. पण कायद्याने धरलं नाही म्हणून वागणं बरोबर ठरत नाही, हे तुम्हाला कळतं, म्हणून तर तुम्ही मला लिहिलंत.

आता मेहुण्यांचं. ते निम्मे बरोबर आहेत. खेळासाठी पकडण्याबद्दल त्यांनी जे म्हटलं, ते मला मान्य आहे. पण खाण्यासाठी गरवणाऱ्या माणसालाही ते त्याच रांगेत उभं करत असतील, तर तिथे माझी त्यांची वाट वेगळी. ट्रॉलरच्या जाळ्यात मासे एकमेकांखाली चिरडतात, डेकवर गुदमरून मरतात, सोबत नको असलेले किती जीव येतात आणि मेलेलेच परत समुद्रात टाकले जातात. त्या हिशेबात गरीवर एक तांबोशी धरणारा, ती लगेच मारणारा आणि घरी नेऊन तिचं सार करणारा माणूस बाजारातून मासे आणणाऱ्या माझ्यासारखीपेक्षा कमी त्रास देतो. मेहुणे मासेच खाऊ नका म्हणतील, तर ते त्यांच्या जागी प्रामाणिक आहेत, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पण ट्रॉलर वाईट आहे म्हणून आपला फोटोचा खेळ चांगला, असंही त्यांना सांगू नका.

तुम्ही गळ पूर्ण सोडावा, असं मला वाटत नाही. वडिलांकडून आलेलं कसब आहे. भरती-ओहोटी, वारा, पाण्याचा रंग ओळखणं, तासन्‌तास गप्प बसणं, हे शहरात राहून विसरावं असं नाही. फक्त ते त्यांच्यासारखं करा. खायचा तेवढाच मासा, आणि पुरेसा मिळाला की काठी गुंडाळायची. फोटोसाठी मासे धरणाऱ्याला थांबायला कारणच नसतं. पातेलं भरलं, हे थांबायचं चांगलं कारण आहे.

मारण्याबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण आपल्याकडे खाणारेही इथेच चुकतात. मासा पिशवीत टाकायचा आणि तडफडून आपोआप मरू द्यायचा, ही सर्रास पद्धत आहे. कल्ल्यातून दोरी ओवून, 'ताजा राहील' म्हणून दिवसभर पाण्यात बांधून ठेवायचा, ही त्याहून वाईट. आणि मरळ? मरळ हवेतूनही श्वास घेतो. ओल्या पिशवीत तो तासन्‌तास मरत नाही. मागूरही तसाच. म्हणून मासा हातात आला की पहिलं काम: ओल्या हाताने घट्ट धरून डोळ्यांच्या थोडं मागे, डोक्याच्या माथ्यावर जड दांडक्याने जोरात घाव घालायचा, लागला तर दुसरा, आणि लगेच कल्ल्याखालची शीर कापून रक्त वाहू द्यायचं. मासा क्षणात बेशुद्ध होतो, आणि चवही चांगली राहते. जपानी कोळी मेंदूत टोकदार सळई घालून हेच करतात. घाव घालायची तुमची हिंमत होत नसेल, तर तो मासा खायचीही होऊ नये.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाका. लहान मासा किंवा पोटात गाबोळी असलेली मादी लागली, तर ती पाण्याबाहेर न काढताच सुटते. गळ घशात खोल गेला असेल आणि मासा सोडायचाच असेल, तर ओढाओढ न करता तंगूस तोंडाजवळ कापा. आमिषाला जिवंत मासोळी किंवा बेडूक टोचू नका. कणकेचा गोळा, कोलंबीचा तुकडा पुरतो. पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात, तेव्हा जायचंच नाही. ते अंडी घालायला निघालेले असतात. त्या दिवसांत गावोगावी घमेली भरून मासे मारतात आणि पुढच्या वर्षी नदीत मासा नाही म्हणून हळहळतात. याचा मला गळापेक्षाही जास्त राग आहे, पण तो विषय पुन्हा कधी.

उजनीला जाता तर चिलापी धरा. आफ्रिकेतून आलेला मासा, भरमसाट वाढलेला, आपल्या मूळच्या माशांना जागा न ठेवणारा. कितीही खाल्लात तरी नदीचं नुकसान नाही. फक्त एक करा, धरणांवर मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय काठावर बसू नका. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, त्यांचा मान आधी.

मुलीचं बोलायचं राहिलं. तिने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही अगदी रास्त आहेत. तिला सांगा, की हो, त्याला दुखलं, आणि किती ते कुणालाच नक्की माहीत नाही. सांगा, की आपण त्याला घरी न्यायला हवं होतं, किंवा धरायलाच नको होतं. 'माशांना तसं काही कळत नाही गं' असं म्हणून तिला गप्प करू नका, कारण तिने तो तरंगताना बघितलाय. पुढे तिला यायचं असेल तर ती येईल, नसेल तर आग्रह नको. आली तर मासा मारताना तिला तोंड फिरवायला सांगू नका, आणि बघच असाही हट्ट नको. आणि उद्या तिने ताटातला मासाच नको म्हटलं, तर तेही चालू द्या. आईवडिलांना अवघड जातं ते. रविवारी सगळं घर माशावर असताना ही भेंडीची भाजी मागणार! पण जे पोर डोळ्यांनी बघून, विचार करून काही सोडतं, त्याच्या ताटाशी घरात कुणी चेष्टा करू नये. गावी आजोबांनाही आधीच सांगून ठेवा.

रामगंगेचं उत्तर माझ्या नियमातच आलंय. हिमालयातला सोनेरी महाशीर संकटग्रस्त आहे. परवाना घेऊन जिथे त्याला पकडता येतं, तिथे सोडावाच लागतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे तो खाता येणार नाही. आणि जिथे खाता येणार नाही, तिथे गळ टाकू नये. पैसे परत मिळाले तर बरंच. नाही मिळाले तर जायला हरकत नाही, रॉड घरी ठेवून जा. हिवाळ्यात त्या नदीचं पाणी स्वच्छ असतं, काठावरून मोठे महाशीर दिसतात. तेवढ्या लांब जायचं नसेल तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. दोन्हीकडे देवाचे म्हणून राखलेले महाशीर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने फिरतायत, लोक त्यांना खाऊ घालतात आणि कुणी हात लावत नाही. मुलीला तिथे नक्की न्या.

मित्रांना उपदेश करायला जाऊ नका, त्याने कुणी बदलत नाही. पुढच्या वेळी तुम्ही एक चिलापी धराल, मारून पिशवीत ठेवाल आणि काठी गुंडाळाल, तेव्हा ते विचारतीलच. तेव्हा कारण सांगा. हे पत्र आणि माझं उत्तर त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल. ज्यांना पटणार नाही, त्यांनी मला लिहावं. त्यांची बाजू मी याच सदरात छापेन, आणि त्यांनाही उत्तर देईन.